बशी नव्हे, बसि!

परवा वर्गात सहज विचारलं, "तुमच्या घरी भात कोण करतं?" बऱ्याच जणी म्हणाल्या, आई. दोघी-तिघींनी आजीचं नाव घेतलं. मागच्या बाकावरून एक आवाज आला, "कुकर, मॅडम!" वर्ग हसला, मीही हसले. घरी येताना मात्र वाटलं, त्या मुलाचंच उत्तर खरं. आमच्याही घरी जवळजवळ वीस वर्षं भात मी केलाच नाही. मी तांदूळ धुतले, पाणी घातलं, झाकण लावलं आणि शिट्ट्या मोजल्या. भात कुकरने केला.

शेगडीवर, उघड्या भगुण्यात, साधा पांढरा भात करायला मी शिकले ते वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. शिकवलं माझ्या सासूबाईंनी. आणि तोवर न शिकण्याला कारण झाली होती एक बशी.

कार हुण्णिमेचा दिवस

मी मूळची शहापूरची. घरात मराठी, शाळा मराठी, पुढे एम. ए. सुद्धा मराठीतच. कन्नड कानावर पडायचं ते भाजी बाजारात आणि बसमध्ये. "येष्टु?" आणि "साकु" एवढ्यावर काम भागायचं. आईला सकाळी तिघांचे डबे करायचे असायचे, त्यामुळे मला आठवतं तेव्हापासून आमच्याकडे कुकरच. २००३ च्या मे महिन्यात लग्न झालं आणि मी कित्तूरकडच्या एका कन्नड घरात गेले. ह्यांची नोकरी बेळगावात होती, पण पहिले दोन महिने गावी राहायचं ठरलं.

पहिलाच सण कार हुण्णिमेचा. बैलांची शिंगं रंगवलेली, दाराला तोरण आणि जेवायला वीस-पंचवीस माणसं. होळगी, कट्टिन सारु आणि अन्ना असा बेत. आपली पुरणपोळी, कटाची आमटी आणि भातच तो, नावं तेवढी वेगळी. सासूबाई, म्हणजे अत्ती, होळगी लाटत बसल्या होत्या. शेगडीवर भाताचं मोठं भगुणं रटरटत होतं. मी नवी साडी सावरत दाराशी उभी, कुणीतरी काम सांगावं म्हणून वाट पाहत. अत्तींनी मान वर करून सांगितलं, "अन्ना बसि!"

मी धावत फळीपाशी गेले आणि चांगली काचेची बशी पदराने पुसून त्यांच्यापुढे धरली.

क्षणभर कुणालाच काही कळेना. मग एकीला उमगलं आणि सगळं स्वयंपाकघर हसायला लागलं. कन्नडात 'बसि' म्हणजे पाणी निथळून काढ. आपल्याकडे त्याला 'वेळणं' म्हणतात. भात वेळायचा, म्हणजे भरपूर पाण्यात शिजवून वरचं पाणी गाळून काढायचं. त्यासाठी तोंडावर जी ताटली धरायची ती वेळणी. हा शब्द मला माहीत होता, पण पुस्तकातला. वेळणी हातात धरलेली कधी नव्हती.

हसण्याने कान तापले होते. "मी करते," म्हणून मी पुढे झाले. दोन्ही हातांत फडकी धरली, भगुण्यावर ताटली दाबली आणि मोरीकडे ते कललं. भगुणं माझ्या अंदाजापेक्षा कितीतरी जड होतं. मनगटावर वाफ आली, ताटली सरकली आणि निम्मा भात मोरीत. पाहुण्यांतली एक मावशी म्हणाली, "पुस्तक शिकवायला येतं, अन्न करायला येत नाही वाटतं." पुन्हा हसू.

अत्ती हसल्या नाहीत आणि बोलल्याही नाहीत. उठल्या, माझ्या मनगटावर गार पाणी ओतलं, दुसरे तांदूळ धुतले आणि आधण ठेवलं. त्या गप्प राहिल्या ते मी राग म्हणून मनात ठेवलं. दोन महिन्यांनी बेळगावात बिऱ्हाड केलं तेव्हा माहेरून पहिली वस्तू आणली ती तीन लिटरचा कुकर.

दोन भाषा, एक भगुणं

आपल्या घरांतली ही गंमत तुम्हालाही ठाऊक असेल. मराठीत अन्न म्हणजे सगळंच जेवण, कन्नडात अन्ना म्हणजे फक्त भात. मराठीत भात ताटातही असतो आणि शेतातही, कन्नडात भत्ता तो शेतातलाच. संस्कृतातल्या 'भक्त'चा प्राकृतात 'भत्त' झाला. तो आपल्याकडे ताटात येऊन बसला आणि कन्नडात बांधावरच राहिला. तांदूळ म्हणजे अक्की, आधण म्हणजे एसरु, उकळी म्हणजे कुदी, पेज म्हणजे गंजी, शीत म्हणजे अगुळु. भगुण्याला त्या बोगुणी म्हणतात, तिथे तर शब्दसुद्धा एकमेकांना ओळख देतात.

भाताचा मान मात्र गावागणिक निराळा. खानापूर भागात पाऊस भरपूर, तिथे दोन्ही वेळा भात. कित्तूरच्या एका अंगाला भाताची शेतं, तर पुढे सौंदत्ती-गोकाककडे गेलं की ज्वारीची भाकरी हेच जेवण. तिकडच्या जुन्या माणसांना विचारा, पांढरा भात सणाला किंवा पाहुणा आला तरच व्हायचा. कर्नाटकात २०१३ साली अन्नभाग्य योजना सुरू झाली, तेव्हापासून रेशनचा तांदूळ घराघरांत पोहोचला. अत्तींच्या लहानपणी मात्र सांडलेला भात म्हणजे सांडलेला सण होता. मोरीत गेलेल्या त्या निम्म्या भगुण्याकडे गावातल्या बायका कशा पाहत असतील, हे मला फार उशिरा कळलं.

२०१२ साली सासरे गेले आणि अत्ती कायमच्या बेळगावला आमच्याकडे आल्या. पहिल्याच दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून त्यांनी विचारलं, "अन्ना ना माडला?" भात मी करू का? मी कॉलेजच्या घाईत होते. म्हटलं, "ब्याडरी अत्ती, कुकर ऐति." त्या बरं म्हणाल्या आणि परत फिरल्या. पुन्हा कधी त्यांनी विचारलं नाही. भात थोडासाच वाढून घ्यायच्या. मला वाटायचं, वय झालं, भूक कमी झाली.

कुकरला मी नावं ठेवणार नाही. आपल्या देशात कुकर बनवायला १९५९ च्या सुमारास सुरुवात झाली, आणि नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्या कितीतरी बायकांची सकाळ त्याने वाचवली. गॅसही वाचतो. वरण, भात आणि बटाटे एकाच वेळी होतात. पण झाकण बंद असल्याने आत काय चाललंय ते दिसत नाही. त्यामुळे भात कसा होतो हे मला वीस वर्षांत समजलं नव्हतं.

इदु गंजी अल्ला

२०२३ च्या पावसाळ्यात अत्तींना ताप आला. ताप उतरला, पण तोंड आलं, अशक्तपणा राहिला आणि जेवण सुटलं. डॉक्टर म्हणाले, चार दिवस गंजी द्या. मी कुकरमध्ये जास्त पाणी घालून भात मऊ शिजवला, मिक्सरमधून फिरवला, मीठ घालून वाटीत दिला. त्यांनी एक चमचा तोंडात घेतला आणि वाटी बाजूला ठेवली. "इदु गंजी अल्ला," म्हणाल्या. ही पेज नव्हे.

अकरा वर्षांत माझ्या हातच्या जेवणाबद्दल त्यांनी केलेली ही पहिली तक्रार. मला रागही आला आणि थोडं बरंही वाटलं. म्हटलं, "मग कशी करायची ते सांगा."

माळ्यावरून जाड बुडाचं जुनं भगुणं काढलं. अत्तींची खाट स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडेच, मधलं दार उघडं. त्यांना शेगडी दिसत नव्हती. त्या खाटेवरून ऐकत होत्या आणि सांगत होत्या.

त्यांनी सांगितलेली रीत अशी. दोन वाट्या तांदूळ निवडून घ्यायचे, तीनदा पाणी बदलून हलक्या हाताने धुवायचे आणि वीस मिनिटं भिजत ठेवायचे. चोळायचे नाहीत, कणी पडते. भगुण्यात बारा वाट्या पाणी, म्हणजे तांदळाच्या सहापट. भगुणं एवढं मोठं हवं की पाणी निम्म्याच्या थोडं वर येईल, नाहीतर उतू जाणारच. पाणी खळखळून उकळलं की तांदूळ सोडायचे आणि बुडाला चिकटू नयेत म्हणून एकदाच, तळापासून, डाव फिरवायचा. मग सारखं ढवळायचं नाही.

तांदूळ पडले की उकळी बसते. दोन-तीन मिनिटांनी ती परत येते, पण आवाज बदललेला असतो. "कुदी बंदैति, नोडवा," अत्ती पलीकडून म्हणाल्या तेव्हा मी फोनमध्ये पाहत होते. खरंच उकळी आली होती. आधी पाण्याचा आवाज खळखळ असा मोकळा असतो. तांदळातली पिठूळता पाण्यात उतरली की पाणी दाट होतं, बुडबुडे लवकर फुटत नाहीत आणि आवाज रटरट असा जड होतो. हेच न फुटणारे बुडबुडे एकमेकांवर चढले की फेस वर येतो आणि भात उतू जातो. तेव्हा आच मध्यम करायची आणि झाकण अर्धवट ठेवायचं किंवा ठेवायचंच नाही.

दहाव्या मिनिटापासून शीत पाहायला लागायचं. "शितावरून भाताची परीक्षा" ही म्हण मी वर्गात किती वेळा सांगितली असेल, पण ती परीक्षा घेतली त्या दिवशी. एक शीत डावावर काढून अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबायचं. मधे पांढरा टिपका आणि टणक कणी लागली तर अजून वेळ आहे. कणी नुसती जाणवण्यापुरती राहिली की गॅस बंद करायचा, कारण पुढचं काम आतली वाफ करते. मी घाई करून दोनदा विचारलं, "झाला का?" अत्ती म्हणाल्या, "अवसरा माडब्याडा." मग म्हणाल्या, एक अगुळु इकडे आण. मी बशीतून नेलं. त्यांनी ते चिमटीत दाबलं, बशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वीस वर्षांत पहिल्यांदा त्या गोष्टीवर आम्ही दोघी हसलो.

"बेंदैति. ईग बसि," त्या म्हणाल्या. शिजलाय, आता वेळ.

माझा हात थांबला. ते त्यांना कसं कळलं कोण जाणे, पण त्या म्हणाल्या, आधी डावाने वरची चार-पाच डाव पेज काढून घे, भगुणं हलकं होईल, मग कल. आणि जरा वेळाने, भिंतीपलीकडूनच, "अवत्तु बोगुणी दोड्डदित्तु. तप्पु नंदु."

त्या दिवशी भगुणं मोठं होतं. चूक माझी.

मी काहीच बोलले नाही. पेज निथळत होती, तेवढंच पाहत राहिले. नंतर त्यांच्याजवळ बसले तेव्हा त्यांनी बाकीचं सांगितलं. पंचवीस माणसांचा भात दोन भगुण्यांत करायला हवा होता, नव्या मुलीला एवढं जड भांडं उचलायला सांगायला नको होतं. माणसांसमोर कसं बोलायचं म्हणून त्या वेळी गप्प राहिल्या. नंतर बोलणार होत्या, तर मी कुकर घेऊन आले. त्यांना वाटलं, या मुलीला माझा हात स्वयंपाकात नको आहे. आणि मला वीस वर्षं वाटत होतं की त्या माझ्यावर रागावल्या आहेत.

पेज वाटीत घेतली. त्यात थोडं मीठ, अर्धा चमचा तूप आणि चार मऊ शितं कुस्करून घातली. अत्तींनी पूर्ण वाटी संपवली. "छलो आगैति," म्हणाल्या.

थोडं शास्त्र, थोडा अनुभव

त्यानंतर मला नादच लागला. आमच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांना मी चहाच्या वेळी भातावर प्रश्न विचारून बेजार केलं. त्यातलं उपयोगाचं तेवढं सांगते.

तांदळाच्या दाण्यात मुख्यतः पिष्ट असतं. साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान, जातीनुसार थोडं कमीजास्त, हे पिष्ट पाणी पिऊन फुगतं आणि मऊ होतं. पिष्टाचे प्रकार दोन, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोज जास्त असेल तर भात मोकळा होतो, कमी असेल तर चिकट. म्हणून इंद्रायणी किंवा आंबेमोहोराचा भात मऊ गोळा होतो. तो फडफडीत व्हावा म्हणून धडपडू नये, त्याचा स्वभावच तसा आहे. आमटी-भात कालवून खायला किंवा लहान मुलांना तो उत्तम.

तांदूळ जुना की नवा, हे जातीइतकंच महत्त्वाचं. काही महिने साठवलेला तांदूळ पाणी जास्त पितो, फुगतो जास्त आणि चिकटतो कमी. सुगीनंतर लगेच आलेला नवा तांदूळ कमी पाण्यातही मऊ पडतो. आपल्या येळ्ळूर, वडगाव, शहापूर भागातला वासाचा 'बेळगाव बासमती' नवा असेल तर त्याला पाणी हात राखूनच घालावं. शेजारच्या आजऱ्याच्या घनसाळला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. या वासाच्या तांदळांचा सुवास शिजताना घरभर पसरतो. कुकरच्या शिट्टीतून त्यातला बराच बाहेर निघून जातो, असा निदान माझा अनुभव.

माझी नणंद मडगावला असते. ती इथे आली की म्हणते, "वैनी, तुमच्या बेळगावच्या गॅसला जोर नाही, भात उशिरा होतो." दोष गॅसचा नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे. उंची साधारण ३०० मीटरनी वाढली की पाणी उकळण्याचं तापमान एक अंशाने उतरतं. मडगावात पाणी शंभर अंशांच्या आसपास उकळतं, आपल्याकडे साडेसत्त्याण्णवच्या आसपास. उघड्या भगुण्यात म्हणूनच दोन-चार मिनिटं जास्त लागू शकतात. कुकरमध्ये दाबामुळे तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, तिथे हा फरक जाणवत नाही.

आणखी एक. पाणी 'तांदळाच्या दुप्पट' हा हिशेब प्रत्येक वेळी चालत नाही. पाण्याचा एक भाग तांदूळ पितो आणि एक भाग वाफ होऊन जातो. वाफ किती जाणार हे भांड्याच्या तोंडावर, झाकणावर आणि वेळेवर असतं, तांदळावर नाही. म्हणून तांदूळ दुप्पट घेतले तर पाणी दुपटीपेक्षा थोडं कमीच पुरतं. पाहुणे आले की भात गिचका होतो तो बहुधा यामुळे. वेळून केलेल्या भातात हा हिशेबच करावा लागत नाही. पाणी जास्त झालं तर निथळून जातं. नवशिक्याला म्हणूनच तो सोपा, भांडं हाताला पेलणारं असलं म्हणजे.

पेज फेकू नये

वेळलेल्या भाताबद्दल दोन गैरसमज कानावर येतात. पहिला, पेज म्हणजे टाकाऊ पाणी. पांढरा तांदूळ गिरणीत पॉलिश होतानाच कोंड्याबरोबर त्यातलं बरंचसं ब-१ जीवनसत्त्व निघून जातं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जावा बेटावर आयकमान नावाच्या डच डॉक्टरांच्या हे लक्षात आलं ते कोंबड्यांमुळे. पॉलिशच्या तांदळाचा भात खाणाऱ्या कोंबड्या बेरीबेरीसारख्या आजाराने लुळ्या पडत आणि कोंड्यासकट तांदूळ मिळाला की सुधारत. या कामासाठी त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळालं. उरलंसुरलं ब जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारं, म्हणजे वेळताना तेही पेजेत उतरतं. तेव्हा पेज प्यावी, किंवा सारात आणि कढीत घालावी. अत्तींच्या गावी ती मोरीत जात नसे. माणसांनी प्यायल्यावर उरली तर गुरांच्या घमेल्यात जायची.

दुसरा गैरसमज, वेळलेला भात साखरेच्या रुग्णांना कितीही चालतो. आमच्या ह्यांनाही कुणीतरी हे सांगितलं होतं. थोडी पिठूळता पाण्याबरोबर जाते हे खरं, पण उरलेलं शीत हेही पिष्टच. किती खावा हा प्रश्न उरतोच, आणि तो शेजाऱ्याला न विचारता डॉक्टरांना विचारावा.

उरलेल्या भाताचं चित्रान्ना किंवा फोडणीचा भात आपल्या सगळ्यांचा आवडता. पण शिजवूनही न मरणारे काही जंतूंचे बीजाणू तांदळात असतात. भात तासन्‌तास बाहेर उबदार राहिला तर ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून भात उरणार हे दिसलं की तो पसरून लवकर गार करावा, तास-दीड तासात फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा.

लेकीचं भगुणं

यंदा आमची लेक बेंगळुरूला शिकायला गेली. तीन मुलींनी मिळून खोली घेतली आहे. पहिल्याच आठवड्यात रात्री साडेआठला फोन आला, "आई, बाहेरचं खाऊन कंटाळा आला. एक शेगडी आहे, कुकर नाही. भात कसा करू?"

मी सांगायला लागले तेवढ्यात अत्तींनी हात पुढे केला. त्या आता हिंडतात-फिरतात, ऐकू थोडं कमी येतं. फोन घेऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बोगुणी येष्टु दोड्डदैति?" भगुणं केवढं आहे?

भगुणं घरमालकिणीचं होतं, दहा माणसांचं. अत्ती म्हणाल्या, त्यात करू नकोस, आज दूध-पोहे खा. दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन त्या बाजारात गेल्या. दुकानातली चार-पाच भगुणी उचलून पाहिली, पाण्याने भरल्यावर केवढं होईल याचा हाताने अंदाज घेतला आणि जाड बुडाचं, घट्ट झाकणाचं, दीड लिटरचं एक निवडलं. बरोबर एक स्टीलची चाळणी. पहिल्या दिवसापासून ताटली धरायची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं. भगुणं बसने बेंगळुरूला गेलं आणि त्यात माझ्या अक्षरात एक कागद. अत्तींनी कन्नडात सांगितलं, मी मराठीत लिहिलं. एकट्या माणसासाठी वेळण्याचाही खटाटोप नको म्हणून आम्ही दुसरी सोपी रीतही लिहिली. तुमच्याही मुलांना उपयोगी पडेल म्हणून इथे देते.

एक वाटी जुना तांदूळ तीनदा धुवून वीस मिनिटं भिजवा आणि ते पाणी काढून टाका. भगुण्यात तांदूळ आणि मोजून दोन वाट्या पाणी घाला. तांदूळ नवा असेल तर पाणी दीड ते पावणेदोन वाट्या. चवीला चिमूटभर मीठ. झाकण न ठेवता मोठ्या आचेवर उकळी आणा, एकदा हलवा. पाणी तांदळाच्या पातळीला आलं आणि वर बारीक भोकं दिसायला लागली की आच अगदी बारीक करा आणि घट्ट झाकण ठेवा. दहा-बारा मिनिटं झाकण उघडू नका. गॅस बंद केल्यावर आणखी दहा मिनिटं तसंच ठेवा. मग काट्याने किंवा उलथन्याच्या टोकाने कडेकडेने मोकळा करा. एक वाटी तांदळाचा जवळजवळ तीन वाट्या भात होतो, दोघींना पुरतो. खाली लागला तर घाबरू नका, वरचा काढून घ्या. बुडातली खरवड ताकाबरोबर छान लागते.

पहिल्या दिवशी तिचा भात खाली लागला. दुसऱ्या दिवशी गिचका झाला. तिसऱ्या दिवशी तिने फोटो पाठवला. अत्तींनी चष्मा लावून फोन डोळ्यांपाशी धरला, दोन बोटांनी फोटो मोठा करून शितं पाहिली आणि म्हणाल्या, "परवागिल्ला." चालेल.

शनिवारपर्यंत आमच्याकडे आजही कुकरच लागतो. पहाटे साडेपाचला उठून कॉलेज गाठायचं असतं, तिथे शीत दाबत बसायला वेळ नाही. रविवारी मात्र माळ्यावरून खाली आलेलं ते भगुणं शेगडीवर चढतं. अत्ती दाराशी खुर्ची घेऊन बसतात. उकळीचा आवाज आता त्यांना नीटसा येत नाही, म्हणून मी सांगते, "अत्ती, कुदी बंदैति." त्या मान हलवतात. वेळायची वेळ आली की मात्र अजूनही तेच सांगतात, आधी चार डाव पेज काढून घे.